सोळाही तालुके हिरवे : स्टाइलशीट कंपायलरमधला स्कोप समजून घेताना

यवतमाळच्या बसस्टँडवर उभं राहून "कळंबची गाडी कधी आहे?" असं विचारलं, तर "कोणतं कळंब?" असं कोणी विचारत नाही. चिंतामणीचं कळंब, आणखी कोणतं! आता हाच प्रश्न लातूरच्या बसस्टँडवर विचारून बघा. तिथला माणूस तुम्हाला धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबच्या गाडीकडे पाठवेल. नाव एकच, गावं दोन, आणि दोन्ही उत्तरं बरोबर. नावाचा अर्थ तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतो.

प्रोग्रामिंगमध्ये याला स्कोप म्हणतात. व्याख्या सोपी आहे: एखादं नाव प्रोग्रामच्या ज्या भागात ओळखलं जातं, तो त्या नावाचा स्कोप. पदवीच्या परीक्षेत एवढं लिहिलं की दोन मार्क मिळतात. मलाही मिळाले होते. तरी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी याच दोन मार्कांच्या प्रश्नाने मला तोंडावर पाडलं. तुम्ही पेट देणार असाल, विषय शोधत असाल किंवा नुकतीच नोंदणी झाली असेल, तर ही गोष्ट तुमच्या कामाची आहे. कंपायलर हा तुमचा विषय नसला तरीही.

घडलं काय

माझा एक मित्र कृषी विषयात संशोधन करतो. त्याने गुलाबी बोंडअळीच्या प्रादुर्भावाची जिल्ह्यातल्या सोळाही तालुक्यांतून माहिती गोळा केली होती. समितीसमोर सादरीकरण होतं, आणि नंतर तेच पान गावातल्या बैठकांमध्ये मोबाइलवर दाखवायचं होतं. कमी प्रादुर्भाव असलेला तालुका हिरवा, जास्त असलेला लाल, एवढं साधं काम. पान बनवायची जबाबदारी मी घेतली. रंगांची स्टाइलशीट मी एका जुन्या प्रकल्पातून उचलली. तिथे ती कित्येक वर्षं व्यवस्थित चालली होती. माझ्या लॅपटॉपवरच्या नव्या कंपायलरमधून काढली. एकही एरर नाही, एकही वॉर्निंग नाही. मी खूश!

सादरीकरणाच्या दोन दिवस आधी मित्राचा फोन आला. "अगं, हे सगळं हिरवंच काहून दिसून राहिलं?"

बघितलं तर खरंच. उमरखेडपासून झरी जामणीपर्यंत सोळाच्या सोळा तालुके हिरवेगार. बोंडअळी एका रात्रीत जिल्ह्यातून हद्दपार!

आधी आम्ही दोघंही हसलो. मग गप्प झालो. सगळेच हिरवे झाले म्हणून त्याच्या लक्षात तरी आलं. चारच तालुक्यांचा रंग चुकला असता तर? कापसाच्या पट्ट्यात फवारणी करायची की नाही, हा निर्णय हलका नसतो. २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्याच जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. चुकीचा लाल रंग नको ती फवारणी करायला लावू शकतो, चुकीचा हिरवा उभं पीक घालवू शकतो. मित्राची आकडेवारी बरोबर होती. चूक माझ्या एका ओळीत होती, आणि ती ओळ कंपायलरने विनातक्रार स्वीकारली होती.

ती ओळ बघा. मूळ फाइलीत हे एका लूपमध्ये होतं, इथे फक्त गाभा देते. वाचताना सोयीचं जावं म्हणून '@इफ'सारखे कीवर्डही देवनागरीत लिहिले आहेत. फाइलीत ते इंग्रजीतच टाकावे लागतात. बाकीची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी कंपायलरला चालतात.

$पातळी: जास्त;
$रंग: हिरवा;

.तालुका {
  @इफ $पातळी == जास्त {
    $रंग: लाल;
  }
  पार्श्वभूमी: $रंग;
}

पुढे वाचण्याआधी थांबा. उत्तर काय येईल, लाल की हिरवा? कागदावर लिहा. खरंच लिहा, नुसतं मनात ठरवू नका. का, ते शेवटी सांगते.

ही भाषा कोणती

वेबपानाचं रंगरूप सीएसएसमध्ये लिहितात. सीएसएसमध्ये सुरुवातीला व्हेरिएबल नव्हते. एकच रंग पन्नास ठिकाणी वापरला असेल तर पन्नास ठिकाणी बदलायचा. यावर उपाय म्हणून २००६ मध्ये सॅस ही भाषा आली. तिची कल्पना हॅम्प्टन कॅटलिन यांची, आणि ती प्रत्यक्ष घडवण्याचं मोठं काम नॅटली वायझेनबाउम यांचं. तुम्ही सॅसमध्ये व्हेरिएबल, फंक्शन, लूप वापरून लिहिता आणि कंपायलर त्यातून साधं सीएसएस काढून देतो. ब्राउझरला $रंग कधीच दिसत नाही. नावांचा सगळा निकाल त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच लागलेला असतो.

या एका भाषेचे तीन मोठे कंपायलर झाले. पहिला रुबी भाषेतला, त्याची देखभाल मार्च २०१९ मध्ये थांबली. दुसरा सी++ मधला लिबसॅस, त्याला ऑक्टोबर २०२० मध्ये निरोप देण्यात आला. तिसरा डार्ट सॅस, त्याची १.० आवृत्ती मार्च २०१८ मध्ये आली आणि आज तोच मुख्य आहे. तिघांचेही कोड खुले आहेत. एकच भाषा, तीन वेगळ्या रचना. स्कोप शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी यापेक्षा चांगली प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही. आणि सॅस ही लहान भाषा आहे, महिनाभर बसलात तर कंपायलरचा हा भाग पूर्ण वाचून होतो.

पानांची थप्पी

कंपायलर नावं कशी सांभाळतो? टेबलावर कागदांची थप्पी आहे असं समजा. सगळ्यात खाली एक मोठं पान. फाइलीत कुठल्याही कंसाबाहेर जे व्हेरिएबल लिहिता, ते या पानावर नोंदले जातात. हा ग्लोबल स्कोप. महिरपी कंस उघडला की कंपायलर थप्पीवर एक कोरं पान ठेवतो. कंस बंद झाला की ते पान फाडून टाकतो, त्यावरच्या नोंदींसकट.

नाव शोधायचं असेल तर वरच्या पानापासून सुरुवात. तिथे नसेल तर खालचं, मग त्याखालचं. जिथे पहिल्यांदा सापडेल तो अर्थ घ्यायचा. वरच्या पानावर तेच नाव असेल तर खालचं झाकलं जातं. याला शॅडोइंग म्हणतात. यवतमाळात उभं असताना धाराशिवचं कळंब झाकलं जातं, तसंच.

लिबसॅसमध्ये प्रत्येक पानाला आपल्या खालचं पान कोणतं हे माहीत असतं. पान म्हणजे एक मॅप, सोबत पालकाकडे जाणारा पॉइंटर. डार्ट सॅसमध्ये सरळ मॅपची एक यादी आहे, शून्य क्रमांकावर ग्लोबल. पुन्हापुन्हा थप्पी चाळावी लागू नये म्हणून कोणतं नाव कितव्या पानावर सापडलं होतं, याचीही तो वेगळी नोंद ठेवतो. रचना वेगळ्या, पण शोधायचा क्रम तोच.

इथपर्यंत सगळ्या पुस्तकांत असतं. माझी चूक याच्या पुढे होती.

वाचणं सोपं, लिहिणं अवघड

वर सांगितलं ते नाव वाचण्याबद्दल झालं. आता $रंग: लाल; ही ओळ घ्या. इथे नाव वाचायचं नाहीये, त्यावर लिहायचं आहे. समजा खालच्या ग्लोबल पानावर $रंग आधीच आहे. मग दोन शक्यता आहेत. एक, खाली जाऊन जुनी नोंद खोडायची आणि तिथे 'लाल' लिहायचं. दोन, जुनीला हात न लावता वरच्या पानावर नवी नोंद करायची.

अनेक भाषांत हा गोंधळ होत नाही, कारण नवं नाव जाहीर करायची पद्धत वेगळी आणि जुन्याची किंमत बदलायची पद्धत वेगळी असते. सॅसमध्ये दोन्हीसाठी लिखाण एकच. त्यामुळे निर्णय कंपायलरला घ्यावा लागतो. आणि हा निर्णय तांत्रिक दिसला तरी प्रश्न अधिकाराचा आहे: आतल्या कोडला बाहेरची गोष्ट बदलायचा हक्क द्यायचा की नाही?

सॅसने सुरुवातीला उत्तर दिलं: द्यायचा. ग्लोबल पानावर ते नाव असेल तर आतून लिहिलं तरी तीच नोंद बदलायची. लहान फाइलीत हे सोयीचं होतं. पण लोक एकमेकांची लायब्ररी वापरू लागले तेव्हा त्रास सुरू झाला. तुम्ही कोणाची तरी लायब्ररी घेतली, तिच्यातल्या एका मिक्सिनमध्ये तात्पुरता म्हणून $रंग वापरलेला आहे, आणि तुमच्या फाइलीतला $रंग तुम्हाला न सांगता बदलला. शेजाऱ्याने पाहुणा म्हणून यावं आणि जाताना घराला दुसराच रंग देऊन जावा!

म्हणून २०१४ मध्ये नियम बदलला. मार्च महिन्यात आलेल्या ३.३ आवृत्तीत '!ग्लोबल' ही खूण आली आणि जुन्या सवयीवर वॉर्निंग दिसू लागली. ऑगस्टमधल्या ३.४ आवृत्तीपासून नवा नियम लागू झाला: कंसाच्या आत लिहिलेली नोंद स्थानिक. बाहेरची बदलायचीच असेल तर ओळीच्या शेवटी '!ग्लोबल' असं स्पष्ट लिहा.

मी उचललेली स्टाइलशीट जुन्या नियमावर बसवलेली होती. जुन्या कंपायलरमध्ये 'लाल' सरळ ग्लोबल पानावर जात होता. नव्यात काय झालं ते आता थप्पीवर बघा. खाली ग्लोबल पान, त्यावर $रंग: हिरवा. .तालुका चा कंस उघडला, एक कोरं पान. @इफ चा कंस उघडला, आणखी एक कोरं पान. 'लाल' या सगळ्यात वरच्या पानावर लिहिला गेला. पुढच्याच ओळीला कंस बंद. पान फाडलं. पार्श्वभूमी ठरवताना कंपायलर शोधत खाली गेला, तर त्याला ग्लोबल 'हिरवा' मिळाला. नियमानुसार सगळं बरोबर. एरर कशाची देणार?

@इफ ची अर्धवट मुभा

"म्हणजे @इफ च्या आतून बाहेरचं काहीच बदलता येत नाही?" येतं, आणि खरी मेख इथे आहे. @इफ किंवा लूपच्या आत काहीच बदलता आलं नाही तर त्यांचा उपयोग काय? म्हणून सॅसने त्यांना थोडी मुभा दिली आहे. तीन परिस्थिती वेगळ्या करून बघा.

पहिली: @इफ कुठल्याही सिलेक्टरच्या आत नाही, थेट फाइलीत आहे. तिथून लिहिलेलं, आधी असलेल्या ग्लोबल नोंदीवर जातं. 'रात्रीची थीम असेल तर रंग बदल' असं लिहिता येतं ते यामुळे. डार्ट सॅसच्या कोडमध्ये या जागेला अर्ध-ग्लोबल अशा अर्थाचं नाव दिलं आहे.

दुसरी: @इफ सिलेक्टरच्या आत आहे, आणि त्या सिलेक्टरच्या पानावर ते नाव आधीच लिहिलेलं आहे. मग त्या पानावरची नोंद बदलते.

तिसरी: @इफ सिलेक्टरच्या आत आहे, पण नाव फक्त ग्लोबल पानावर आहे. मग @इफ च्या स्वतःच्या पानावर नवी नोंद होते आणि कंसाबरोबर जाते. माझी परिस्थिती हीच.

दुरुस्ती एका ओळीची निघाली:

.तालुका {
  $रंग: हिरवा;
  @इफ $पातळी == जास्त {
    $रंग: लाल;
  }
  पार्श्वभूमी: $रंग;
}

सिलेक्टरच्या आत $रंग ची एक स्थानिक नोंद आधी केली, की तिसरी परिस्थिती दुसरी होते. लाल तालुके लाल झाले. '!ग्लोबल' लावूनही भागलं असतं का? त्या तालुक्यापुरतं हो. पण लूपमध्ये एकदा ग्लोबल पान लाल झालं, की यादीतले पुढचे कमी पातळीचे तालुकेही लालच राहिले असते. एक चूक झाकायला दुसरी!

यवतमाळ म्हणजे शहर, तालुका की जिल्हा

आता फंक्शनकडे वळू. यवतमाळ हे शहराचं नाव आहे, तालुक्याचंही आणि जिल्ह्याचंही. "यवतमाळला राहतो" आणि "यवतमाळमध्ये सोळा तालुके आहेत" या दोन वाक्यांत कोणतं यवतमाळ, ते आपल्याला वाक्यावरून कळतं. सॅसमध्येही $रंग हे व्हेरिएबल, रंग() हे फंक्शन आणि रंग नावाचं मिक्सिन एकाच फाइलीत सुखाने राहू शकतात. वापरायची पद्धत वेगळी असल्याने गोंधळ होत नाही.

पण कंपायलरने हे आत ठेवायचं कसं? डार्ट सॅसने तीन थप्प्या केल्या: व्हेरिएबलची वेगळी, फंक्शनची वेगळी, मिक्सिनची वेगळी. लिबसॅसने थप्पी एकच ठेवली आणि नावाला शेपूट जोडलं. फंक्शनच्या नावापुढे चौकटी कंसात 'एफ', मिक्सिनच्या नावापुढे 'एम'. सरकारी कागदावर 'यवतमाळ (तालुका)' लिहितात ना, तसं. एका थप्पीचा फायदा असा की शोधायचा कोड एकदाच लिहावा लागतो. तोटा असा की प्रत्येक वेळी नावाला शेपूट जोडत बसावं लागतं, आणि ते जोडायला विसरलात तर भलतीच गोष्ट हाताला लागते. सेमिनारमध्ये 'डेटा स्ट्रक्चरची निवड' यावर बोलायचं असेल तर ही जोडी चांगलं उदाहरण आहे.

एक धोका मात्र नीट लक्षात ठेवा. व्हेरिएबल किंवा मिक्सिन सापडलं नाही तर सॅस एरर देऊन थांबतो. फंक्शन सापडलं नाही तर थांबत नाही! सीएसएसमध्येही स्वतःची फंक्शन असतात आणि त्यात नवी येत राहतात. त्यामुळे अनोळखी फंक्शन हे सीएसएसचंच असेल असं धरून सॅस ते जसंच्या तसं पुढे पाठवतो. तुम्ही एका सिलेक्टरच्या आत फंक्शन लिहिलंत आणि बाहेर वापरलंत, किंवा नावात एक अक्षर चुकवलंत, तर कंपायलर गप्प राहील आणि ब्राउझर ती ओळ निमूट टाकून देईल.

कळंबचा माणूस लातूरला गेला तर

आपल्या कळंबचा एक जण नोकरीसाठी लातूरला गेला. तिथे चहा पिताना म्हणाला, "आमच्या कळंबला यंदा कापूस चांगला आहे." त्याच्या मनात कोणतं कळंब? अर्थात स्वतःचं. तो उभा लातूरला असला तरी शब्द घरून घेऊन आला आहे.

मिक्सिन आणि फंक्शन असंच वागतात:

$रंग: हिरवा;
@मिक्सिन पट्टी {
  पार्श्वभूमी: $रंग;
}
.इशारा {
  $रंग: लाल;
  @इन्क्लूड पट्टी;
}

उत्तर हिरवा. 'पट्टी' जिथे लिहिली गेली तिथल्या पानांवरच ती $रंग शोधते. जिथे बोलावली गेली तिथला 'लाल' तिला दिसतच नाही. याला लेक्सिकल स्कोप म्हणतात. यासाठी कंपायलरला मिक्सिनबरोबर त्याच्या जन्माच्या वेळची थप्पीही जपून ठेवावी लागते, तिला क्लोजर म्हणतात. बोलावणाऱ्याच्या जागेवरून अर्थ ठरला असता तर तो डायनॅमिक स्कोप झाला असता, आणि मग एकच मिक्सिन प्रत्येक ठिकाणी वेगळं वागलं असतं.

सगळ्या स्टाइलशीट भाषा सारख्या वागत नाहीत. २००९ मध्ये अॅलेक्सिस सेलियर यांनी सुरू केलेल्या लेस या भाषेत व्हेरिएबलची किंमत आळशी पद्धतीने काढतात. एका स्कोपमध्ये तेच नाव दोनदा लिहिलं तर शेवटचं खरं, वापर त्याच्या आधी झाला असला तरी! सॅसमध्ये ओळी वरून खाली चालतात, त्यामुळे वापराच्या क्षणी जी किंमत असेल ती. आज सीएसएसला स्वतःचे व्हेरिएबलही आहेत, पण त्यांचा निकाल ब्राउझरमध्ये लागतो, आणि पानावर कोणता घटक कोणाच्या आत आहे त्यावर लागतो. तिन्हींना आपण 'व्हेरिएबल'च म्हणतो. पेपर वाचताना लेखक यापैकी कशाबद्दल बोलतोय ते आधी तपासा.

नेर परसोपंत

नेर हे आपल्या जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. धुळ्याकडेही एक नेर आहे. आपल्याकडच्या नेरला नेर परसोपंत म्हणतात, आणि एवढं पूर्ण नाव घेतलं की कुठल्याही बसस्टँडवर गोंधळ होत नाही.

सॅसने हाच उपाय केला, पण बऱ्याच उशिरा. जुन्या '@इम्पोर्ट'मध्ये सगळ्या फाइलींची नावं एकाच ग्लोबल पानावर येऊन पडायची. दोन फाइलींत $रंग असेल तर नंतर आलेली जिंकायची. ऑक्टोबर २०१९ मध्ये डार्ट सॅसच्या १.२३ आवृत्तीत मॉड्यूल पद्धत आली. '@यूज'ने फाइल घेतली की तिची नावं फाइलीच्या नावासकट घ्यायची, म्हणजे थीम.$रंग. प्रत्येक मॉड्यूलचं ग्लोबल पान वेगळं. हायफन किंवा अंडरस्कोरने सुरू होणारं नाव खाजगी, बाहेरच्याला दिसत नाही. आणि नावासकट बोलावलेलं फंक्शन सापडलं नाही तर आता एरर येते, वर सांगितलेली पळवाट इथे बंद होते. ऑक्टोबर २०२४ पासून '@इम्पोर्ट' वापरलं की कंपायलर वॉर्निंग देऊ लागला आहे. थप्पीचा नियम २०१४ मध्ये सुधारला, पण ग्लोबल पान सगळ्यांचं सामाईक राहिल्याचा प्रश्न सुटायला आणखी पाच वर्षं लागली. एखाद्या भाषेचा असा क्रम लावून बघितला की कोणता निर्णय कोणत्या त्रासातून आला ते कळतं. संशोधनात 'पार्श्वभूमी' नावाचं जे प्रकरण लिहायचं असतं, ते असंच तयार होतं.

तुमच्या कामासाठी यातून काय घ्यायचं

पहिलं, आवृत्ती लिहा. 'सॅस वापरलं' एवढं पुरत नाही. कोणता कंपायलर, कोणती आवृत्ती, ते वहीत, प्रबंधात आणि फाइलीच्या वर लिहा. माझ्या बाबतीत कोडमधलं एक अक्षर बदललं नव्हतं, तरी त्याचा अर्थ बदलला होता. सॅसच्या जागी तुमचं सांख्यिकीचं सॉफ्टवेअर ठेवा, धोका तोच.

दुसरं, उत्तर आधी लिहा, मग चालवा. वर कागदावर लिहायला सांगितलं ते यासाठी. उत्तर बघितल्यावर प्रत्येकाला वाटतं, मला हेच म्हणायचं होतं. अंदाज लिहिलेला असला तरच चुकल्याचं कळतं, आणि शिकायला सुरुवात चुकल्यापासूनच होते.

तिसरं, चूक लहान करत न्या. माझी मूळ फाइल चारशे ओळींची होती. जे काढलं तरी चूक तशीच राहते ते काढत गेले, तेव्हा वरच्या आठ-नऊ ओळी उरल्या आणि दोष उघड दिसला. सॅसच्या कंपायलरांसाठी चाचण्यांचा एक सामाईक संच आहे, त्यातली बहुतेक उदाहरणं अशीच छोटी असतात: एवढं दिलं तर एवढंच यायला हवं. भाषेचं वर्णन, चाचण्या आणि कंपायलरचा कोड ही तिन्ही शेजारी ठेवून वाचा. जिथे ती एकमेकांशी जुळत नाहीत तिथे तुमच्यासाठी संशोधनाचा प्रश्न असू शकतो.

चौथं, कंपायल झालं म्हणजे बरोबर झालं असं नाही. दुरुस्ती केल्यावर मित्राने त्याची मूळ वही उघडली, मी पान उघडलं, आणि आम्ही एकेक तालुका वाचत सोळा रंग हाताने ताळून बघितले. वीस मिनिटं लागली. हे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आता तुमची पाळी. तीन छोटे प्रयोग देते. एक, पहिल्या उदाहरणातला @इफ सिलेक्टरच्या बाहेर, त्याच्या आधी नेऊन ठेवा. दोन, तिसऱ्या उदाहरणात 'पट्टी'ला रंग पॅरामीटर म्हणून द्या आणि दोन सिलेक्टरमधून वेगवेगळ्या रंगांनी बोलवा. तीन, एका सिलेक्टरच्या आत फंक्शन लिहा आणि ते दुसऱ्या सिलेक्टरमधून बोलवा. प्रत्येकाची थप्पी आधी कागदावर काढा, उत्तर लिहा, तारीख टाका. मगच कंपायलर चालवा.